गळा आधी, मग ठेका: अरेंजर कीबोर्ड लावून एकटीने दोन तास कसं गायचं?

पत्र: नमस्कार. मी सांगलीची, वय ४९. शाळेत संगीत शिकवायचे, आता घरीच क्लास घेते. स्केल चेंजर पेटीवर भावगीतं, अभंग, जुनी हिंदी गाणी गाते, माझी पट्टी काळी चार. यंदा सेकंडहँड यामाहा पीएसआर एसएक्स ७०० हा अरेंजर कीबोर्ड (डाव्या हाताने कॉर्ड धरला की ठेका, बेस, सगळी साथ आपोआप वाजवणारा) घेतला, कारण तबलजी दर वेळी मिळत नाहीत. कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माझा एकटीचा दोन तासांचा कार्यक्रम ठरलाय, महिना आहे हातात. घरी वाजवताना छान वाटतं, पण गाता गाता बटण दाबायला गेलं की शब्द विसरते, मागच्या गाण्याचं ट्रान्सपोज तसंच राहून जातं, डावा हात कॉर्ड धरायला तयारच नसतो. गणपतीत मंडळाच्या साऊंडवर दोन गाणी म्हटली तर नुसतं ढब ढब, माझा गळा कुणाला ऐकूच आला नाही. मिस्टर म्हणतात कराओके ट्रॅक लाव आणि मोकळी हो. शिवाय एक तबलजी ऐनवेळी येतो म्हणालेत, त्यांना घेऊ का? काय करू?

उत्तर:

ताई, महिना भरपूर आहे, काळजी करू नका. तुमच्याकडे गळा तयार आहे, सूर पक्का आहे, लय पक्की आहे, आणि हे तिन्ही नसताना पाच लाखांचा कीबोर्ड असला तरी काही होत नाही. तुमची अडचण वाजवण्याची नाहीच, मांडणीची आहे. कार्यक्रमात ज्या गोष्टी ठरवायला लागतायत त्या सगळ्या घरी ठरवून मशीनमध्ये टाकून ठेवायच्या, म्हणजे गाताना एका वेळी एकच बटण, तेही गळा थांबलेला असताना. आणि दुसरं म्हणजे मशीनमध्ये जो सात-आठ जणांचा वाद्यवृंद बसलाय त्यातल्या निम्म्या लोकांना गप्प बसवायचं. या दोन गोष्टी जमल्या की बाकीचं आपोआप मार्गी लागतं.

पहिल्यांदा पट्टी. तुम्ही स्केल चेंजर वापरता म्हणजे तुम्हाला समजवायला सोपं आहे, ट्रान्सपोज हा तोच प्रकार. बोटं पांढरी एकवर ठेवायची, आवाज काळी चारचा यायला हवा, म्हणून ट्रान्सपोज वजा ४. अधिक ८ केलं तरी काळी चारच मिळेल पण वरच्या सप्तकातली, मग बासरी किंचाळायला लागते आणि बेसलाही वजन राहत नाही, त्यामुळे वजा ४ च ठेवा. सगळी गाणी काळी चारमध्ये जमत नसतील, एखादं काळी पाचला खुलत असेल (मग वजा २), एखादं अभंगाचं गाणं वर जातं म्हणून काळी तीनला घ्यावं लागत असेल (वजा ६), तर ते आत्ताच प्रत्येक गाणं पूर्ण गाऊन, वरचा शेवटचा अंतरा गाऊन ठरवा आणि वहीत लिहा. दोन तासांच्या शेवटी गळा कसा असेल ते धरून ठरवा, सकाळी ताज्या गळ्याने नको.

आता मागच्या गाण्याचं ट्रान्सपोज राहून जाणं. हे हाताने बदलत बसलात की होणारच. यावर इलाज रजिस्ट्रेशन मेमरी, आणि माझ्या मते अरेंजर कीबोर्डवर एकट्याने कार्यक्रम करणाऱ्याला आधी ही एक गोष्ट यायला हवी, बाकी सगळं नंतर. तुमच्या मॉडेलवर खाली १ ते १० अशी बटणं आहेत ना, त्या प्रत्येक बटणात त्या क्षणाचं सगळं पॅनल जसंच्या तसं साठवता येतं, म्हणजे स्टाइल (ठेक्यासकट साथीचा तयार नमुना) कुठली, टेम्पो किती, ट्रान्सपोज किती, उजव्या हाताला कुठला टोन, डाव्याला कुठला, कुणाचा आवाज किती, सगळं. आणि या दहा बटणांचा मिळून एक बँक होतो, तो नाव देऊन सेव्ह करायचा. एक गाणं, एक बँक. बँकेला गाण्याचंच नाव द्या आणि पुढे आकडा टाका, ०१, ०२, म्हणजे यादीत क्रमाने दिसतील.

एका गाण्यात दहाही बटणं भरायचा मोह आवरा, चार पुरतात. १ वर सुरुवात, म्हणजे आलापासाठी किंवा सुरुवातीच्या पीससाठी जो टोन लागतो तो. २ वर मुखडा, इथे उजवा हात जवळजवळ रिकामाच. ३ वर मधलं म्युझिक, म्हणजे बासरी, मेंडोलिन, सतार, मूळ गाण्यात जे असेल ते. ४ वर अंतरा, मागे थोडे स्ट्रिंग्ज. बस. अंतऱ्यानंतर परत २, मग ३, मग ४, असं फिरत राहायचं.

यात एक फार नाजूक जागा आहे. समजा बटण १ ते ४ चारही ठिकाणी टेम्पो ९२ साठवलाय, आणि गच्चीवर त्या दिवशी लोक रंगलेत म्हणून तुम्ही गाणं ९६ ला उचललं, आता मधल्या म्युझिकला बटण ३ दाबलं की मशीन इमानदारीने परत ९२ वर येणार आणि ऐकणाऱ्याला झटका बसणार. म्हणून मेमराइज करताना (म्हणजे बटणात साठवताना) जी यादी येते (स्टाइल, व्हॉइस, टेम्पो, ट्रान्सपोज वगैरे) त्यात बटण २, ३, ४ साठी टेम्पोची टिक काढून टाका. टेम्पो आणि ट्रान्सपोज फक्त १ वर. मग गाणं बदललं की पहिलं १ दाबायचं हा नियम हाताला लावून घ्या, पट्टी चुकायचा प्रश्नच उरत नाही. फ्रीझ नावाचं एक बटण आहे ते मात्र बंद आहे ना हे कार्यक्रमाआधी बघायचं, ते चालू राहिलं आणि त्यात ट्रान्सपोज धरलेलं असलं तर नवीन गाण्याचा बँक उघडूनही पट्टी जुनीच राहते आणि कळतच नाही काय झालं.

बँका तयार झाल्या की प्लेलिस्टमध्ये टाका, कार्यक्रमाच्या क्रमाने. स्क्रीनवर पुढचं गाणं दिसतं, बोट लावलं की बँक उघडतो. दोन तासांत बोलणं, टाळ्या, मध्ये मसाला दुधाचा ब्रेक धरून वीस-बावीस गाण्यांच्या वर जाणार नाहीत, तेवढ्याच करा. सुरुवातीला तुम्हाला झोपेतही येणारं गाणं ठेवा, अवघड गाणं तिसरं-चौथं.

आणखी एक बँक करा, त्याला नाव द्या फर्माईश. कारण कोजागिरीला कुणी ना कुणी चिठ्ठी पाठवणारच. त्यात गाणी नाही, ठेके. १ वर विलंबित केहरवा, २ मध्य लय, ३ द्रुत, ४ दादरा संथ, ५ दादरा चालता, ६ भजनी ठेका, असे, सगळे तुमच्या काळी चारवर आणि उजव्या हाताला साधा पेटीसारखा टोन. कुणी काही सांगितलं की ठेका निवडा आणि गा. लोकांना एवढं पुरतं, खरंच पुरतं, लोक गळा ऐकायला बसलेले असतात.

ठेक्यांबद्दल जरा सविस्तर बोलूया कारण मराठी गाण्यांत खरी गडबड इथेच होते. केहरवा आठ मात्रांचा, तो ४/४ च्या कुठल्याही बऱ्या स्टाइलमध्ये बसतो. दादरा सहा मात्रांचा, आणि इथे बहुतेक जण वॉल्ट्झ लावतात, मोजायला ३/४ बसतं पण कानाला बसत नाही, पहिल्या ठोक्याला बेस आणि मग दोन कॉर्ड असं ते डुलत राहतं आणि भावगीताचा सगळा जीव जातो. त्यापेक्षा ६/८ ची एखादी संथ स्टाइल घ्या, तिचे ड्रम बंद करा, तबला-डग्ग्याचा आवाज असलेली स्टाइल मिळाली तर सोन्याहून पिवळं. तुमच्या मॉडेलला एक्सपान्शन पॅक चढवता येतात, भारतीय टोन आणि ठेक्यांचे, ते कॉम्प्युटरवर यामाहाच्या एक्सपान्शन मॅनेजरमधून टाकायचे, क्लासमधल्या एखाद्या मुलाला बसवा, तासाभराचं काम आहे. बाजारात पेनड्राइव्हवर शेकड्याने स्टाइल्स भरून देतात त्यात काही उत्तम असतात, काही अगदीच कामचलाऊ, आणि त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या मॉडेलवर बनवलेल्या असल्याने तुमच्याकडे ढोलकीच्या जागी भलताच ड्रम वाजतो. ऐकून दहा-बारा निवडा, बाकी ठेवूच नका. रूपकातलं गाणं मात्र यादीतून काढा, नाहीतर ठेक्याशिवाय म्हणा, सात मात्रा ४/४ मध्ये कोंबायला जाऊ नका.

आता डावा हात. तुमचा डावा हात आयुष्यभर भाता मारत आलाय, त्याला एकदम तीन सूर धरायला सांगितलं तर तो रुसणारच, त्यात तुमचं काही कमी नाही, सगळ्याच पेटीवाल्यांचं हे होतं. फिंगरिंगमध्ये सिंगल फिंगर म्हणून सोय आहे, एक बोट ठेवलं की मेजर, त्याच्या डावीकडची काळी सोबत दाबली की मायनर. पहिल्या आठवड्यात गरज पडली तर वापरा, पण तुमच्यासारख्या सूर कळणाऱ्या बाईने तिथे थांबू नये. फिंगर्ड मोडवर (कॉर्डचे सूर स्वतः धरायचे) या आणि पुढचं सरगममध्येच लक्षात ठेवा.

सा ग प धरा. आता सा तसाच ठेवून ग आणि प एकेक सूर वर सरकवा, सा म ध, हा मध्यमाचा कॉर्ड झाला. परत सा ग प वर या, प तसाच ठेवून बाकीचे दोन खाली, मंद्र नी, रे, प, हा पंचमाचा झाला. परत सा ग प, सा आणि ग तसेच, फक्त प चा ध करा, सा ग ध, हा धैवताचा मायनर. हात जागचा हललासुद्धा नाही आणि चार कॉर्ड झाले, जुनी हिंदी गाणी आणि सोपी भावगीतं यातली कितीतरी एवढ्यावर निघतात. सूर उलटसुलट धरले तरी काही बिघडत नाही कारण बेस मशीन स्वतः मूळ स्वरावरच वाजवते, म्हणून डावा हात उड्या मारत फिरवायची काही गरज नाही. रोज पंधरा मिनिटं उजवा हात मांडीवर ठेवून नुसता डावा हात आणि गळा, एवढाच रियाज करा, महिन्यात तो हात विचार न करता चालायला लागेल.

स्प्लिट पॉइंट, म्हणजे डाव्या-उजव्या हाताची हद्द, एफ शार्प २ वर असतो तो तसाच राहू द्या. ६१ पट्ट्यांपैकी डावीकडे १९ जातात आणि उजव्या हाताला ४२ उरतात, म्हणजे साडेतीन सप्तकं, तुमच्या पेटीएवढी जागा आहे ती.

राग अंगाच्या गाण्यांना मात्र कॉर्ड जपून लावा, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. यमनातल्या गाण्याखाली सवयीने सा म ध चा कॉर्ड लागला की शुद्ध मध्यम येतो आणि गाणं तिथल्या तिथे मरतं, मग वरती तुम्ही कितीही सुंदर तीव्र मध्यम लावा. अशा गाण्यांना फक्त सा आणि प, दोनच बोटं. फिंगर्ड मोडमध्ये हे दोन सूर मशीनला कळतात आणि स्टाइल गंधाराशिवाय वाजते, तानपुऱ्यासारखा भरीव आधार मिळतो, मेजर नाही मायनर नाही. भैरवीला सा, कोमल ग, प चालतो पण तिथेही सा-प वर राहिलात तर जास्त शोभेल. आणि नुसता ठेकाच हवा, बेस आणि बाकी काहीच नको असं वाटलं तर सा, कोमल रे, शुद्ध रे हे लागून असलेले तीन सूर एकदम दाबा, कॉर्ड रद्द होतो आणि फक्त ताल चालू राहतो, अभंगात गजराआधी हे फार छान वाटतं.

उजव्या हाताचं सांगू? तो कमी वाजवा. पेटीवर आपण गळ्याबरोबर अख्खी चाल वाजवत जातो, ती सवय आहे, पण इथे मागे बेस आहे, ठेका आहे, कॉर्ड आहेत, त्यात परत गळ्याच्याच सुरात बासरी वाजली की गळा झाकला जातो. गाताना उजवा हात थांबलेला, ओळ संपली की भरणा, म्युझिकला पूर्ण. सुरुवातीला रिकामं रिकामं वाटेल, पण तसंच राहू द्या.

ढब ढब कशामुळे झालं ते आता कळेल. अरेंजरच्या स्टाइलमध्ये आठ भाग असतात, रिदम दोन, बेस, कॉर्ड दोन, पॅड (मागे धरलेले लांब सूर), फ्रेज (छोट्या सुरावटी) दोन, आणि ते घरातल्या छोट्या स्पीकरवर भरगच्च वाटावेत असे बसवलेले असतात. मंडळाचे मोठे बॉक्स आधीच बेसला उचललेले, त्यात मशीनचा बेस आणि किक ड्रम, वरून साऊंडवाल्याने त्याच्या सवयीने बेस वाढवलेला, मग काय होणार. तर आधी मिक्सरमध्ये जाऊन फ्रेज १, फ्रेज २ बंद, कॉर्डपैकी एक बंद, पॅड हवा तर ठेवा. भावगीतात बेसही बराच खाली. एकूण स्टाइलचा आवाज ६५-७० च्या आसपास आणा. हे सगळं रजिस्ट्रेशनमध्ये साठतं, म्हणून आधी हे करा आणि मग मेमराइज. रिव्हर्बही (आवाजाचा घुमारा) कमी करा, घरी तो गोड लागतो पण मोठ्या बॉक्सवर सगळं धूसर करतो.

वायरिंग: मागे लाइन आऊटला दोन जॅक असतात, सोसायटीच्या कार्यक्रमाला साऊंड बहुधा मोनोच असतो, तर एकच वायर लावायची आणि ती एल, एल प्लस आर लिहिलेल्या जॅकमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र येतात, आर मध्ये लावलीत तर अर्धी वाद्यं गायब. हेडफोनच्या जॅकमधून आवाज देऊ नका. मिक्सर लांब असेल, पाच-सहा मीटरच्या पुढे, तर साऊंडवाल्याला डीआय बॉक्स (लांब वायरीतली गुणगुण टाळणारी छोटी डबी) आणायला सांगा, नाहीतर गुणगुण येते. तुमचा माइक कीबोर्डमध्ये न घालता थेट मिक्सरला द्या, दोन वेगळे चॅनल, म्हणजे गळा आणि वाद्यं वेगळी खालीवर करता येतात आणि कीबोर्डला काही झालं तरी तुमचा आवाज चालू राहतो. साऊंड चेकला आधी सगळ्यात जोरकस गाणं वाजवा, त्यावर लेव्हल लावा, मग मास्टर व्हॉल्यूमच्या त्या जागी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, त्यानंतर त्याला हात नाही. मिस्टरांना हेच काम द्या, शेवटच्या रांगेत उभं राहून गळा वर आहे का एवढंच ऐकायचं आणि साऊंडवाल्याला सांगायचं. कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर चालूच ठेवा, तोच तुमचा मॉनिटर, फक्त माइकचं तोंड त्यांच्याकडे नको.

पाय. तुमच्याकडे पेडलसाठी दोन जागा आहेत. एकावर रजिस्ट्रेशन पुढे नेणं लावा, बँकेत क्रम ठरवून ठेवला (१, २, ३, ४, २, ३, ४ असा) की पायानेच पुढचं बटण लागतं, हात मोकळे आणि शब्दही विसरायला होत नाहीत, तुमच्या पहिल्या अडचणीवर हा सगळ्यात थेट उपाय आहे. दुसऱ्यावर सस्टेन (सूर लांबवणं). कीबोर्ड चालू करताना पेडलवर पाय नको, नाहीतर उलटं काम करायला लागतो. अर्थात यासाठी खुर्चीवर बसावं लागेल, बिनहाताच्या. मांडी घालून चौरंगावर कीबोर्ड ठेवून गायची सवय असेल तर पेडल विसरा, मग बँक अजून साधे करा, दोनच बटणं. मला विचाराल तर खुर्ची घ्या आणि आजपासूनच खुर्चीवर बसून रियाज करा, साडीत पाय पेडलवर नीट जातो का, काठ अडकतो का हेही बघून ठेवा.

आता किरकोळ पण घात करणाऱ्या गोष्टी. ऑटो पॉवर ऑफ बंद करा, तो कारखान्यातून ३० मिनिटांवर लावलेला असतो, अध्यक्षांचं भाषण आणि सत्कार लांबले की मशीन आपणहून बंद. ओटीएस लिंक बंद ठेवा, नाहीतर स्टाइलच्या मेन ए प्रकारावरून बी वर गेलात की उजव्या हाताचा टोन मनानेच बदलतो. पेनड्राइव्हवरच्या स्टाइल वापरून बँक केलेत तर त्या फायली नंतर हलवू नका, नाव बदलू नका, कारण बँकेत स्टाइल साठत नाही, तिचा पत्ता साठतो, आणि पत्ता बदलला की १ दाबल्यावर भलताच ठेका येतो. बटणात मेमराइज केलं म्हणजे झालं असं नाही, बँक सेव्ह केल्याशिवाय दुसरा बँक उघडलात तर केलेलं सगळं जातं. शेवटी सगळ्याची एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर.

वीज. या कीबोर्डला बॅटरी नाही, क्षणभर लाइट गेली तरी बंद होऊन परत सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून कॉम्प्युटरचा साधा यूपीएस मध्ये लावा, घरचाच चालेल. ॲडॅप्टर १६ व्होल्टचा आहे, घरात पडलेला बारावाला कुठला तरी चालणार नाही, सेकंडहँड घेतलाय तर ओरिजिनलच आलाय ना हे आजच बघा. लाइटिंगच्या माळा आणि कीबोर्ड एकाच बोर्डवर नकोत.

आणि गच्ची, ऑक्टोबरची रात्र. दव पडतं ताई. कीबोर्डवर छोटं छत, नाहीतर मोठी छत्री बांधून घ्या, ब्रेकमध्ये टॉवेल झाका, दुधाचा ग्लास स्टँडजवळ कुणालाही आणू देऊ नका. डोक्यावर थेट दिवा नको, किडे येतात, बाजूने उजेड. रात्री १० नंतर लाउडस्पीकरला बंदी असते, वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं, त्यात तुमचा दिवस धरलाय का हे सोसायटीच्या सेक्रेटरींनी पोलीस स्टेशनला आधी विचारून घ्यावं, आणि नसेल तर साडेसातलाच सुरू करा. चंद्र तेव्हाही असतोच.

कराओकेचं. मिस्टरांचं म्हणणं अगदीच चूक नाही. ज्या दोन-तीन हिंदी गाण्यांचं म्युझिक फार मोठं आहे आणि लोकांना ते तसंच हवं असतं, तिथे पेनड्राइव्हवरून ट्रॅक लावा, तुमचा कीबोर्ड ऑडिओ वाजवतो, फक्त ट्रॅक आधीच तुमच्या पट्टीत करून घ्या. पण सगळा कार्यक्रम ट्रॅकवर नको. ट्रॅकवर एखादी जागा परत घ्यावीशी वाटली, अंतऱ्याआधी दोन ओळींचा शेर म्हणावासा वाटला, लोकांना धृपद म्हणायला लावावंसं वाटलं, तर थांबता येत नाही. तुम्ही इतकी वर्षं पेटीवर गाताय ते या मोकळेपणावरच, तो सोडू नका.

राहिले तबलजी. येत असतील तर जरूर घ्या, पण ऐनवेळी नाही, किमान दोन बैठका आधी हव्यात. त्यांच्यासाठी प्रत्येक बँकेत ५ नंबरचं बटण करा, रिदम २ बंद, रिदम १ जवळजवळ बंद, बाकी फक्त बेस आणि एक कॉर्ड. मात्र स्टाइल ठरलेल्या टेम्पोवर चालते, तबलजी मात्र तुमच्या गळ्यामागे थोडं मागेपुढे होतात, म्हणून त्यांना कीबोर्ड नीट ऐकू यायला हवा, तुमच्या स्पीकरच्या बाजूलाच बसवा, आणि त्यांच्यासाठी रिदम १ मधली नुसती मंजिरी किंवा शेकर बारीक चालू ठेवा, लय धरायला तेवढं पुरतं. संथ भावगीतं त्यांच्याबरोबर म्हणताना स्टाइल पूर्ण बंद करा, डाव्या हाताला स्ट्रिंग्जचा टोन घेऊन नुसता सा-प धरा आणि पेटीसारखं गा. ते आले नाहीत तर ५ ऐवजी २ दाबायचं, बाकी काही बदलत नाही.